कोण होते जी. एन. जोशी? मराठी भावगीत घराघरांत नेणाऱ्या गायकाची गोष्ट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्रभर नाटकं रंगतात. मंडप खच्चून भरलेला असतो आणि गायक नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी तर माइकही नव्हता. गाजायचं तर खणखणीत, पल्लेदार गळा हवा, हा रंगभूमीचा नियम होता. ग्रामोफोनच्या मराठी तबकड्यांवरही नाट्यपदांचाच जोर असे.

हा नियम मोडणाऱ्यांत पहिलं नाव येतं जी. एन. जोशी यांचं.

वकिलीची पदवी, गाण्याची वाट

जोशींचा जन्म १९०९ चा. शिक्षण वकिलीचं, ओढ मात्र गाण्याची. त्यांना हवी तशी कविता मिळाली ती विदर्भातूनच. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हेही १९०९ चेच आणि तेही वकील. त्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली. ती तुफान गाजली.

नवं काय होतं?

तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. त्यात ताना-आलापांना फारशी जागा नव्हती. विजेवर चालणाऱ्या ध्वनिमुद्रणामुळे हळू आवाजही स्पष्ट उमटू लागला होता. जोशींनी नेमकं हेच हेरलं. शब्द नीट कळतील असं, शेजारी बसून गायल्यासारखं ते गायले. नाटकातल्या पात्राचा आधार न घेता कविता स्वतःच गाणं झाली. म्हणूनच त्यांना मराठीतले पहिले भावगीत गायक मानलं जातं. गंगूबाई हनगल यांच्यासोबतची त्यांची द्वंद्वगीतंही लोकप्रिय झाली.

माइकच्या पलीकडे

१९३८ मध्ये ते ‘एचएमव्ही’ कंपनीत रुजू झाले. पुढची तीन दशकं त्यांनी इतरांचे आवाज जपले. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ अशा दिग्गजांचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर गाजलेली तबकडीही त्यांचीच निर्मिती.

या कामात त्यांचं स्वतःचं गाणं मागे पडलं. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं. आज अनेकांना त्यांचं नाव आठवत नाही. पण कविता निवडायची, तिला चाल लावायची आणि ती घरात बसून ऐकायची, ही मराठी माणसाची सवय त्यांच्या त्या तीन मिनिटांपासून रुजली.