देनी पापँ
देनी पापँ (२२ ऑगस्ट १६४७ – सुमारे १७१३) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रेशर कुकरचा पूर्वज ठरलेले वाफेचे पात्र त्यांनी शोधले. त्यांचा जन्म ब्लवाजवळील शितने गावी प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊनही ते पॅरिसमध्ये हायगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्या निर्वातपंपावरील प्रयोगांतच रमले.

१६७९ मध्ये त्यांनी हे पात्र रॉयल सोसायटीपुढे मांडले. घट्ट झाकणाच्या जाड भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो, पाण्याचा उत्कलनबिंदू १००° से.च्या वर जातो आणि हाडेही मऊ होतात. टाकाऊ हाडांपासून गरिबांना स्वस्त अन्न मिळावे, असा त्यांचा हेतू होता. भांडे फुटू नये म्हणून झाकणावर वजनाने दाबलेली झडप होती. दाब वाढताच ती उचलली जाऊन वाफ निसटे. कुकरच्या शिट्टीचे तत्त्व हेच. १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना या पात्रात शिजवलेले भोजन देण्यात आले. सर्वसामान्यांच्या स्वयंपाकघरात मात्र असे भांडे विसाव्या शतकातच रुळले.

१६८५ मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्याने मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. जर्मनीत मारबुर्ग येथे अध्यापन करीत असताना १६९० मध्ये त्यांनी वाफेवर दट्ट्या हलवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. १७०७ मध्ये ते लंडनला परतले, पण आश्रयदाता मिळाला नाही. अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली.