स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन

आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो हा परगणा आपल्याकडे साहित्याच्या वाचकांना परिचित आहे तो कवी विल्यम बटलर येट्स यांच्यामुळे. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणाऱ्या येट्स यांचे आजोळ याच परगण्यातले. त्यांच्या एका लोकप्रिय कवितेचा निवेदकही इथलाच एक फिडल वाजवणारा माणूस आहे. आयरिश लोकसंगीताच्या जाणकारांना मात्र स्लायगो म्हटले की आधी आठवते ते मायकेल कोलमन यांचे नाव. १९२१ ते १९३६ या पंधरा वर्षांत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या सुमारे ८० बाजू ध्वनिमुद्रित केल्या. या तबकड्यांनी समुद्रापलीकडच्या त्यांच्या मायदेशातील वादनाची दिशाच बदलली. कोलमन स्वतः मात्र वयाच्या तेविसाव्या वर्षी आयर्लंड सोडून गेले ते परत आले नाहीत.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्याच्या घडणीत फरक नाही. फरक आहे तो ते कोठे, कशासाठी आणि कसे वाजवले जाते यात. आयर्लंडच्या खेड्यांत फिडल वाजे ते नाचासाठी. चार मात्रांच्या अंगाने धावणारी ‘रील’, सहाच्या झोक्याने उसळणारी ‘जिग’, थोडी संथ आणि ठसकेदार ‘हॉर्नपाइप’ असे या चालींचे मुख्य प्रकार. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा, आणि तो दोनदा वाजवायचा. अशी एक चाल दोन-तीन वेळा फिरवून वादक न थांबता दुसऱ्या चालीत शिरतो. मूळ चाल सर्वांना ठाऊक असते. ती फिरून येताना वादक कोणता स्वर घोळवतो, कोठे गजाचा एक लहानसा झटका देतो आणि कोठे ओळीचे तोंड किंचित वळवतो, यातच त्याचे कसब दिसते. ही विद्या बहुतांशी कानाने घेतली जाई. त्यामुळे परगण्या-परगण्याचा, कधी कधी दोन शेजारच्या खोऱ्यांचाही बाज वेगळा असे.

अशाच एका संगीतवेड्या टापूत, बॅलीमोटजवळच्या किलाव्हिल भागातील नॉकग्रेनिया या वस्तीत, ३१ जानेवारी १८९१ रोजी मायकेल यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील जेम्स कोलमन हे पंचक्रोशीत मान असलेले बासरीवादक होते. त्यांचे शेतकरी घर वादकांसाठी सदैव उघडे असे आणि तेथे नाचाच्या बैठकी रंगत. आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिशांची सत्ता होती. १८४५ ते १८४९च्या भीषण दुष्काळाने देशाची जी वाताहत केली, तिची झळ पन्नास वर्षांनंतरही संपलेली नव्हती. जमिनीचे तुकडे लहान होते, कुटुंबे मोठी होती, आणि दर वर्षी तरुण मुले-मुली अमेरिकेची किंवा इंग्लंडची वाट धरत होती. गावच्या नाचांना जाणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या मनात आपल्यालाही एक दिवस जावे लागणार, ही जाणीव असे.

मायकेल लहानपणापासून फिडल वाजवू लागले. ते नाचतही उत्तम. नाचणाऱ्याच्या पायाला ताल कोठे हवा असतो हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते, आणि पुढे त्यांच्या वादनातही ते जाणवत राहिले. परिसरातील फिलिप ओ’बर्न यांच्यासारख्या जाणत्या वादकांकडून त्यांनी पुष्कळ घेतले. जॉनी गॉर्मन या फिरत्या वादकाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. गॉर्मन ‘इलिन पाइप्स’ वाजवत. या आयरिश वाद्यात हवा भरण्यासाठी तोंडाने फुंकर घालत नाहीत, कोपराखालचा भाता दाबतात. तिचे स्वर सलग, एकातून एक निघालेले ऐकू येतात. कोलमन यांच्या गजाच्या लांब, न तुटणाऱ्या ओघाची मुळे अनेक जाणकार या पाइप्सच्या संस्कारात शोधतात.

घरातच त्यांच्यासमोर आणखी एक आदर्श होता, थोरला भाऊ जिम. जिम हाच मायकेलपेक्षा सरस फिडलवादक, असे म्हणणारी जुनी माणसे त्या भागात पुष्कळ होती. पण जिम यांच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. त्यामुळे हा निवाडा ऐकीव आठवणींवरच राहिला. धाकट्या भावाचे नाव जगभर झाले आणि थोरल्याचे त्याच्या चरित्रापुरते उरले. धाकट्याच्या अंगी गुण होता यात शंका नाही. पण ध्वनिमुद्रण जिथे होत होते त्या शहरात तो राहत होता, हेही तितकेच खरे.

१९०९ आणि १९१० या दोन्ही वर्षी मायकेल स्लायगोच्या संगीत स्पर्धेत उतरले. दोन्ही वेळा त्यांना तिसरा क्रमांक, आणि तोही विभागून, मिळाला. पुढे ज्यांचे वादन साऱ्या देशाने कसोटीचा दगड मानले, त्यांना आपल्याच परगण्यात पहिला क्रमांक मिळाला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी स्लायगोत किती तयारीचे वादक होते याची कल्पना येते.

१९१४ साली ते काही महिने मँचेस्टरला एका भावाकडे राहून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले असताना, ते एका मित्रासह अमेरिकेच्या जहाजावर चढले. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरण्यांच्या गावी त्यांची मावशी-आत्यांपैकी एक नातलग होती. प्रथम ते तेथे राहिले. नंतर काही काळ ‘कीथ’ कंपनीच्या नाट्यगृहांतून वाजवत फिरले. गाणी, नकला, कसरती, नाच असे सारे एकाच तिकिटात दाखवणारे ‘व्हॉदव्हिल’ नावाचे खेळ तेव्हा अमेरिकेत जोरात होते. १९१७ साली कोलमन न्यूयॉर्कला आले. आयर्लंडच्याच मोनाहन परगण्यातील फॅनिंग आडनावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. उरलेले आयुष्य त्यांनी याच शहरात काढले.

न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी लाखो आयरिश लोक राहत होते. आठवडाभर बांधकामावर, गोदीत किंवा श्रीमंतांच्या घरी राबून शनिवारी नाचघरांत येणारा हा समाज आपल्या गावच्या चालींसाठी पैसे खर्च करायला तयार होता. ध्वनिमुद्रण कंपन्यांना मात्र याची जाण उशिरा आली. ती करून देण्यात एलन ओ’बर्न डीविट या दुकानदार बाईंचा मोठा वाटा आहे. थर्ड अॅव्हेन्यूवरील त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आयरिश नाचाच्या तबकड्या मागत, आणि त्या मिळत नसत. १९१६ साली त्यांनी कोलंबिया कंपनीला गळ घातली: तुम्ही तबकडी काढा, ५०० प्रती मी विकत घेते. अॅकॉर्डियन आणि बँजोची ती तबकडी झपाट्याने खपली आणि कंपन्यांना ही नवी बाजारपेठ दिसली. कोलमन १९२१ साली ध्वनिमुद्रणाकडे वळले तेव्हा वाट अशी मोकळी झालेली होती. पुढच्या काळात व्होकॅलियन, कोलंबिया, व्हिक्टर, डेक्का अशा अनेक कंपन्यांनी त्यांच्या तबकड्या काढल्या.

सुरुवातीची ध्वनिमुद्रणे मायक्रोफोनशिवायची होती. वादकाने एका मोठ्या भोंग्यासमोर बसायचे आणि मेणावर रेघ उमटत असताना सलग वाजवायचे. चूक झाली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. विद्युत ध्वनिमुद्रण आले ते १९२५च्या सुमारास. तबकडीच्या एका बाजूला वेळ मिळे जेमतेम तीन मिनिटे. आपल्याकडील जुन्या गवयांनाही तासाभराचा ख्याल याच तीन मिनिटांत बसवावा लागला होता. नाचासाठी लागेल तितका वेळ चाल फिरवण्याची सवय असलेल्या कोलमन यांनी त्या मर्यादेचा विचारपूर्वक उपयोग केला. कोणत्या चालीमागे कोणती चाल लावायची, कोणती किती वेळा फिरवायची आणि प्रत्येक फेरीत काय नवे सांगायचे, याची आखणी त्यांच्या तबकड्यांत स्पष्ट जाणवते. काही जुन्या चालींना त्यांनी भागही वाढवले. ‘लॉर्ड गॉर्डन’ ही रील त्यांच्या हाती आल्यावर एखाद्या विस्तृत रचनेसारखी उलगडत गेली.

त्यांच्या वादनाचा वेग थक्क करणारा होता; पण त्या वेगात घाई नव्हती. गजाच्या एका फेरीत अनेक स्वर गुंफत नेण्याची त्यांची पद्धत होती. त्यामुळे चाल तुकड्या-तुकड्यांनी न येता प्रवाहासारखी येते. मुख्य स्वराभोवती वरचा आणि खालचा स्वर चटकन फिरवून येणारी ‘रोल’ ही आयरिश हरकत ते इतक्या सफाईने घेत, की ती चालीवरची सजावट वाटतच नाही. पियानोची साथ मात्र अनेकदा त्यांना न्याय देणारी नव्हती. कंपनीने बसवलेल्या काही साथीदारांना या चालींची ओळखच नव्हती, आणि चुकीचे स्वरमेळ ठोकणारा पियानो आजही काही तबकड्यांत ऐकू येतो. त्यावरूनही फिडल आपला मार्ग सोडत नाही.

कोलमन यांच्या बरोबरीने स्लायगोचेच दोन वादक न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आले होते. जेम्स मॉरिसन हे त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, तर पॅडी किलोरन त्यांच्यापुढच्या पिढीचे. तिघांच्याही तबकड्या खपत होत्या. एका लहानशा परगण्याचा बाज अशा रीतीने अमेरिकेतील आयरिश संगीताचा मुख्य बाज झाला.

मग या तबकड्या मायदेशी पोचू लागल्या. अमेरिकेतून घरी येणाऱ्या पार्सलांत कपडे आणि पैशांबरोबर तबकड्याही असत. गावात एखाद्याच घरी ग्रामोफोन असे. शेजारीपाजारी तेथे जमत. तरुण वादक एकेक ओळ ऐकून सुई उचलत, पुन्हा मागे ठेवत आणि ती ओळ हाताला बसेपर्यंत फिडलवर घोटत. ज्यांनी कोलमन यांना कधी पाहिले नव्हते, अशा हजारोंचे ते गुरू झाले. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. त्याचा बडगा घरगुती नाचांवरही पडला आणि वादकांच्या जुन्या बैठकी विस्कळीत झाल्या. अशा काळात ग्रामोफोनच्या पेटीतून येणारे हे वादन अनेकांना आधार वाटले. आपले गावठी समजले जाणारे संगीत अमेरिकेतल्या कंपन्या छापतात, विकतात, या गोष्टीने खेड्यातल्या वादकाची मानही ताठ झाली.

या लाभाला दुसरी बाजूही आहे. कोलमन इतके परिपूर्ण वाटू लागले, की अनेक ठिकाणच्या तरुणांना आपल्या गावच्या म्हाताऱ्या वादकाचा खडबडीत बाज कमअस्सल भासू लागला. दुसऱ्या परगण्यांतील कित्येक वादकांनी आजोबांकडून आलेली वळणे सोडून तबकडीवरची वळणे उचलली. डोनेगलमध्ये जॉन डॉहर्टी, कॉर्क आणि केरीच्या सीमेवर पॉड्रिग ओ’कीफ यांच्यासारख्यांनी आपापल्या मुलखाचा बाज जपला, आणि नंतरच्या संग्राहकांनी तो ध्वनिमुद्रित केल्यामुळे तो आज ऐकता येतो. ज्यांच्यापर्यंत कोणी यंत्र घेऊन पोचले नाही, त्यांचे वादन त्यांच्याबरोबर गेले. यात कोलमन यांचा दोष काढता येत नाही. त्यांनी आपल्या खोऱ्याचे संगीत जसे आत्मसात केले होते तसे वाजवले. पण एका माणसाची एका दिवसाची तीन मिनिटे कायमची छापली गेली, की ऐकणाऱ्याला तीच त्या चालीची मूळ प्रत वाटू लागते. फेरीगणिक बदलणे हा ज्यांच्या कलेचा प्राण होता, त्यांचेच बदल लोकांनी स्वरास स्वर ठेवून पाठ केले.

१९२९ नंतरच्या महामंदीने अमेरिकेतील तबकड्यांचा व्यवसाय कोसळला. १९३४ साली डेक्का कंपनीने स्वस्त तबकड्या बाजारात आणल्या आणि कोलमन पुन्हा ध्वनिमुद्रणाकडे वळले. ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रीलांची त्यांची सर्वांत गाजलेली मालिका याच वर्षाची. १९३६ नंतर त्यांची नवी व्यापारी तबकडी निघाली नाही. न्यूयॉर्कमध्येच जन्मलेल्या अँडी मॅकगॅन यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या वादकांना त्यांचा प्रत्यक्ष सहवास मिळाला आणि हा बाज त्या शहरात टिकून राहिला. ४ जानेवारी १९४५ रोजी न्यूयॉर्कमधील निकरबॉकर रुग्णालयात कोलमन यांचे निधन झाले. वयाची ५४ वर्षे पूर्ण व्हायला काही आठवडे उरले होते. ब्राँक्समधील सेंट रेमंड दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

मायदेशाने त्यांची आठवण ठेवली. १९७४ साली जन्मस्थळाजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले. जवळच्या गर्टीन गावात त्यांच्या नावाचे संगीत केंद्र आहे. १९९२ साली त्यांच्या तबकड्या स्वच्छ करून दोन सीडींच्या संचात पुन्हा प्रकाशित झाल्या. पण त्यांचे खरे स्मरण होते ते बैठकीत. डब्लिन असो, बोस्टन असो की सिडनी, कोणी ‘टारबोल्टन’ सुरू केली की तिच्यामागे ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि मग ‘सेलर्स बॉनेट’ येणार, हे जमलेल्या वादकांना सांगावे लागत नाही. हा क्रम कोणत्याही ग्रंथात घालून दिलेला नाही. १९३४ साली न्यूयॉर्कच्या एका ध्वनिमुद्रणगृहात स्लायगोच्या एका स्थलांतरिताने तो लावला, आणि नव्वद वर्षांनंतरही तो तसाच चालत आला आहे.