थॉमस आल्वा एडिसन व विजेची मोटारगाडी

थॉमस आल्वा एडिसन हे नाव ज्याने ऐकले नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्या शाळेत सापडणे कठीण. विजेचा दिवा व फोनोग्राफ ह्या दोन वस्तूंनी त्याची कीर्ती सर्व जगभर पसरविली, आणि क्रमिक पुस्तकांतील त्याचे चरित्र बहुधा ह्या दोन वस्तूंपाशीच संपते. परंतु वयाच्या ५२ व्या वर्षी त्याने एक नवे काम हाती घेतले व पुढील १० वर्षे त्यास वाहिली, ह्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ते काम म्हणजे मोटारगाडी विजेवर चालावी म्हणून तिच्याजोगी बॅटरी तयार करणे. सध्या आपल्या रस्त्यांवर हिरव्या पाटीच्या विजेच्या मोटारी धावू लागल्या आहेत. उद्याची गाडी निव्वळ विजेवर चालेल, पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालेल, की हायड्रोजन वायूवर, ह्याविषयी घरोघर वाद होतात. अशा समयी एडिसनच्या चरित्राचा हा उपेक्षित भाग आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले. म्हणून दिव्याविषयी थोडे व बॅटरीविषयी पुष्कळ, असा ह्या लेखाचा क्रम राहील.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओहायो संस्थानातील मिलान ह्या गावी झाला. पुढे त्याचे वडील मिशिगन संस्थानातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेत तो उणेपुरे काही महिनेच टिकला. त्याला जे शिक्षण मिळाले ते घरी, आईच्या हातून. ती लग्नापूर्वी शिक्षिकेचे काम करीत असे. आमच्या धंद्यातील माणसांना ही गोष्ट फारशी सुखावह नाही, तथापि ती खरी आहे. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला, आणि सामानाच्या डब्यातील एका कोपऱ्यात बाटल्या मांडून रसायनांचे प्रयोग करू लागला. ह्याच सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागले व ते व्यंग जन्मभर राहिले. १८६२ साली माउंट क्लेमेन्स स्टेशनात रुळांवर खेळत असलेल्या स्टेशनमास्तरांच्या लहान मुलास त्याने येणाऱ्या डब्याखालून ओढून वाचविले. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्यास तारायंत्राचे काम शिकविले.

तारायंत्र म्हणजे बॅटरीचे राज्य. तेथेच एडिसनचा व विद्युत्घटांचा पहिला सहवास घडला, आणि तो फारसा मंगल नव्हता. १८६७ साली लुइव्हिल शहरात रात्रपाळी करीत असता शिश्याच्या बॅटरीवर त्याचा काही प्रयोग चालला होता. गंधकाम्ल जमिनीवर सांडले, फटींतून झिरपले आणि खालच्या मजल्यावरील वरिष्ठाच्या मेजावर ठिबकले. दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली. शिसे व गंधकाम्ल ह्यांजविषयी त्याच्या मनात पुढे जी अढी दिसते, तिचे मूळ ह्या प्रसंगात आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तसे म्हणण्याचा मोह होतो खरा.

नंतरचा काळ सर्वांस ठाऊक आहे. १८७६ साली मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली दिवा, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून घरोघर वीज. १८८४ साली त्याची पत्नी मेरी तीन मुले मागे ठेवून वारली. १८८६ साली त्याने मीना मिलर हिच्याशी विवाह केला व पुढच्याच वर्षी वेस्ट ऑरेंज येथे मोठी प्रयोगशाळा उभारली. हलक्या प्रतीच्या खडकाची भुकटी करून चुंबकाने त्यातील लोखंड वेगळे काढण्याच्या उद्योगात त्याने आपली बहुतेक पुंजी ओतली. परंतु इतरत्र उत्तम लोखंडाच्या स्वस्त खाणी लागल्या आणि तो सारा पैसा बुडाला. एवढ्या मोठ्या ठोकरीनंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. एडिसनने १८९९ साली बॅटरीचे काम आरंभिले.

त्या काळची मोटारीची स्थिती आजच्या वाचकास नवलाची वाटेल. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत एका वर्षात जेमतेम ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. पेट्रोलची गाडी आवाज करी, धूर ओकी, आणि समोर उभे राहून हँडल मारल्यावाचून सुरूच होत नसे. त्या हँडलच्या उलट तडाख्याने हात मोडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नव्हती. विजेची गाडी कळ दाबताच निमूटपणे चालू लागे. म्हणजे विजेची मोटार ही आजची नवलाई नव्हे. तिचे चलनयंत्र तेव्हाही उत्तम होते. तिचा दोष एकच होता, आणि तो आजही तिच्या मागे लागलेला आहे: वीज बरोबर वाहून न्यायची कशात? शिश्याची बॅटरी जड असे, तिच्यातील आम्ल तिच्याच पत्र्यांना खाई, आणि काही काळाने ती मरे. भविष्यातील मोटारीचा प्रश्न हा चाके फिरविण्याचा नसून शक्ती साठविण्याचा आहे, हे एडिसनने ओळखले होते, आणि ह्या बाबतीत त्याची दृष्टी आपल्या काळाच्या फार पुढे होती असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याने आम्ल सर्वस्वी टाकून दिले व त्याच्या जागी दाहक पोटॅशचा अल्कधर्मी द्राव घेतला. मग त्या द्रावात न विरघळणारे व पुनःपुन्हा भरता येणारे धातू कोणते, ह्याचा शोध सुरू झाला. हजारो प्रयोग झाले. अखेरीस एका बाजूस निकेलचे संयुग व दुसऱ्या बाजूस लोखंड अशी जोडी ठरली. शिश्याच्या एका घटास सुमारे २ व्होल्टचा दाब असतो, ह्यास १.२ च, पण हा घट पोलादी पेटीत बसे आणि कसाही वापरला तरी सहसा बिघडत नसे. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की स्वीडन देशात वाल्डेमार युंगनर हा संशोधक ह्याच सुमारास ह्याच वाटेने चालला होता, व हक्कांविषयी दोघांत तंटेही झाले.

१९०१ साली कंपनी निघाली, आणि १९०३ च्या सुमारास बॅटरी बाजारात आली. येथे एडिसनच्या स्वभावातील एक दोष झाकता येत नाही. माल सिद्ध होण्यापूर्वीच वर्तमानपत्रांतून मोठमोठी आश्वासने देण्याची त्याला सवय होती, आणि ह्या वेळीही त्याने ती दिली. थोड्याच दिवसांत पेट्यांचे सांधे गळू लागले. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ घटांची शक्ती हळूहळू ओसरू लागली. निकेलच्या संयुगातून वीज सुलभ वाहावी म्हणून त्यात मिसळलेले ग्रॅफाइट आतल्या आत झिजत होते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नसे. काही गिऱ्हाइकांची तर तक्रारही नव्हती. जुन्या शिश्यापेक्षा हे बरे, असे म्हणून ती आणखी माल मागत होती. दुसरा एखादा व्यापारी अशा वेळी विकत राहिला असता. एडिसनने १९०४ च्या अखेरीस कारखाना थांबविला व सदोष घट परत घेतले. पैसा गेला, आणि आश्वासनांचा डंका वाजविणाऱ्यावर लोक हसले.

येथे किंचित विषयांतराची क्षमा असावी. एडिसन हा भाविक मनुष्य नव्हता. मीनाबाईंचे माहेर निष्ठावंत मेथॉडिस्ट. परंतु १९१० साली एडिसनने मनुष्याच्या आत्म्याच्या अमरत्वाविषयी वर्तमानपत्रातून उघड अविश्वास प्रकट केला, आणि देशातील धर्मोपदेशक त्याजवर रुष्ट झाले. आमची श्रद्धा त्याच्या मताच्या अगदी उलट आहे, हे निराळे सांगावयास नको. तथापि मिशनच्या शाळेच्या वार्षिकात त्याचे चरित्र छापताना हा भाग गाळून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आणि कोणी विचारील की मग त्यात मुलांनी पाहण्यासारखे काय, तर आम्ही १९०४ सालाकडे बोट दाखवू. गिऱ्हाइकास न दिसणारा दोष ज्यास स्वतःस सहन झाला नाही, त्याच्या हातून आपल्या पुष्कळ भाविकांना लाज वाटावी असे कृत्य घडले.

त्यानंतरची सुमारे पाच वर्षे तो पुन्हा प्रयोगांत बुडाला. ग्रॅफाइटऐवजी निकेलचे अतिसूक्ष्म पापुद्रे वापरण्याची युक्ती निघाली. तांबे व निकेल ह्यांचे विजेच्या साहाय्याने एकावर एक शेकडो थर चढवावयाचे, त्या पत्र्याचे बारीक तुकडे करावयाचे, आणि मग तांबे विरघळवून टाकावयाचे. मागे उरे ते केवळ वाऱ्याने उडतील असे निकेलचे पापुद्रे. ते निकेलच्या संयुगाबरोबर थरावर थर रचून बारीक भोकांच्या पोलादी नळ्यांत ठासून भरीत. नवे घट घातलेल्या गाड्या मुद्दाम खडबडीत रस्त्यांवरून पळविण्यात आल्या. १९०९ साली सुधारलेली बॅटरी विक्रीस निघाली, आणि ह्या वेळी तिने दगा दिला नाही. त्या जातीचे घट कित्येक दशके काम देत राहिले.

पण दहा वर्षांत जग थांबले नव्हते. १८९६ साली एका मेजवानीत हेन्री फोर्ड नावाच्या तरुणाने आपल्या पेट्रोल-गाडीची रचना एडिसनला समजावून सांगितली होती. फोर्ड तेव्हा डिट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीतच नोकरीस होता. एडिसनने त्याची पाठ थोपटली. त्याच फोर्डची स्वस्त मोटार १९०८ साली बाजारात आली. त्यानंतर १९१२ साली चार्ल्स केटरिंग ह्याने कॅडिलॅक गाडीस विजेचा स्टार्टर बसविला, आणि हँडल मारण्याची पीडा संपली. दैवाचा विनोद असा की पेट्रोलच्या गाडीचा मोठा दोष दूर केला तो विजेच्याच एका लहान यंत्राने, आणि त्या स्टार्टरला एकदम लागणारा जोर पुरविण्यास एडिसनची बॅटरी असमर्थ ठरली. तेथे जुनी शिश्याचीच कामास आली. शिवाय कडाक्याच्या थंडीत एडिसनचे घट सुस्त होत, आणि किंमतही जबर होती. १९१४ साली फोर्ड व एडिसन ह्यांनी मिळून विजेची स्वस्त मोटार काढण्याचे ठरविले, नमुन्याच्या गाड्याही बनल्या. परंतु ती मोटार बाजारात कधी आली नाही. गंमत अशी की खुद्द फोर्डची पत्नी क्लारा त्या काळी विजेची मोटार चालवीत असे.

बॅटरी मात्र बुडाली नाही. खाणीतील कामगारांच्या टोपीवरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, माल पोहोचविणाऱ्या गाड्या, अशा ठिकाणी तिने एडिसनला चांगला पैसा मिळवून दिला. तिच्यात एक धोका मात्र होता. वीज भरताना तिच्यातील पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन वायू सुटे. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आरमारी गोदीत उभ्या असलेल्या ई-२ ह्या पाणबुडीत असा वायू कोंडून भयंकर स्फोट झाला व काही माणसे प्राणास मुकली. ज्या बॅटरीवर त्याने आपली दहा वर्षे घातली, तिच्या नावास हा डाग लागला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, ८४ व्या वर्षी, एडिसन वारला तेव्हा विजेची मोटार रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली होती.

आता तिच्या पुनर्जन्माची थोडी हकीकत सांगावयाची राहिली. निव्वळ विजेवर चालणाऱ्या आजच्या मोटारींत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. ते एडिसनचे काम नव्हे. परंतु डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीने पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालणारी प्रियस ही मोटार विक्रीस काढली, तिच्या बॅटरीची एक बाजू निकेलच्या संयुगाचीच होती आणि आतील द्राव दाहक पोटॅशचाच होता. त्याच कंपनीची मिराई ही हायड्रोजनची मोटार २०१४ च्या अखेरीस आली, तिच्यातही जोडीस त्याच जातीची बॅटरी होती. आपल्या पुण्यातही २०२२ साली हायड्रोजनवर चालणारी बस लोकांस दाखविण्यात आली. ह्या तिघींपैकी अखेर कोण टिकेल, ह्याचे भाकीत करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एडिसनसारख्याचे भाकीत जेथे चुकले तेथे आमची काय कथा! हायड्रोजन स्वच्छ रीतीने मिळवावयाचा तर विजेने पाण्याचे पृथक्करण करावे लागते, व त्यात बरीच शक्ती वाया जाते, एवढे मात्र विज्ञानाच्या वरच्या वर्गांतील मुलांनी ध्यानात ठेवावे.

ह्याच अडचणीवर नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील विद्यापीठात अलीकडे एक प्रयोग झाला. तेथील शास्त्रज्ञांनी एडिसनचीच निकेल-लोखंडाची जोडी घेतली. वारा व ऊन भरपूर असेल तेव्हा ती प्रथम बॅटरी म्हणून भरून घ्यावयाची, आणि ती काठोकाठ भरल्यावरही वीज चालूच ठेवावयाची. मग तिच्यातून हायड्रोजन सुटू लागतो, आणि ई-२ पाणबुडीत ज्याने माणसे मारली तोच वायू तेथे इंधन म्हणून वेगळा गोळा केला जातो.