फेटाळलेला ठराव आणि केशवराव जेधे

बेळगावाहून खानापूरच्या रस्त्याला लागले आणि तिसरे रेल्वे फाटक ओलांडले की उद्यमबाग सुरू होते. नाव बागेचे असले तरी येथे फुलांपेक्षा लोखंडाचा चुराच अधिक. फाउंड्र्या, मशीन शॉप, भट्ट्या आणि लेथ ह्यांच्या आवाजात माझे सारे आयुष्य गेले. अशा ठिकाणी बसून करवीरच्या वाचकांना पुण्याच्या केशवराव जेध्यांचे चरित्र सांगावे, हे थोडे विचित्र दिसेल खरे. परंतु ते सांगावेसे का वाटले, त्याला कारण घडले ते येथेच.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव महानगरपालिकेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. एके दिवशी दुपारी पाच-सहा तरुण माझ्या शॉपमध्ये आले. त्यांनी मिळून एक मंडळ काढले होते आणि आपल्या भागातील मराठी उमेदवारांस पाठिंबा जाहीर केला होता. हातात पत्रके होती, डोळ्यांत चमक होती. मी त्यांना चहा दिला आणि एवढेच विचारले, की तुमचा उमेदवार निवडून आला तर सभागृहात पहिला ठराव कोणता मांडणार? मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. तो विचार अद्याप कोणी केलेला नव्हता.

३ सप्टेंबरला मतदान झाले. बेळगावात आजवर ही निवडणूक बहुतांशी भाषेच्या गटांवर लढली जाई; ह्या खेपेस राजकीय पक्ष आपापली चिन्हे घेऊन उतरले. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षास मिळाल्या आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पदरी मोजक्याच पडल्या. पुढच्या रविवारी तीच मुले पुन्हा आली, पण या वेळी खाली मान घालून. त्या दिवशी मी त्यांना केशवरावांची गोष्ट सांगितली. तीच येथे लिहून काढतो.

केशवराव मारुतराव जेधे यांचा जन्म १८९६ सालचा. शिवछत्रपतींच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कान्होजी जेध्यांचे कारीचे घराणे ते हेच. मात्र केशवरावांच्या काळी घर पुण्यात स्थिरावले होते आणि व्यवसाय होता पितळेचा. आम्हां ओतकाम करणाऱ्यांना हा माणूस उगीच जवळचा वाटत नाही! शुक्रवार पेठेतील त्यांचे घर जेधे मॅन्शन म्हणून ओळखले जाई. वडील बंधू बाबूराव हे सत्यशोधक विचारांचे आणि राजर्षी शाहू महाराजांच्या निकटचे. कोल्हापुरात १९०२ साली महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हापासून पुण्याच्या पेठांतील ब्राह्मणेतर तरुणांचे डोळे करवीराकडे लागले होते. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले आणि त्या तरुणांना पोरके झाल्यासारखे वाटले.

त्या पोरकेपणातूनच एक नवे तरुण मंडळ पुढे आले. जेधे मॅन्शन हे त्यांचे बसण्याउठण्याचे ठिकाण. केशवराव तेव्हा पंचविशीच्या घरातले. त्यांचे जिवलग सहकारी दिनकरराव जवळकर त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. १९२२ च्याच गणेशोत्सवात ह्या मंडळींनी छत्रपती मेळा काढला. मेळ्यातील पदे झणझणीत असत, आणि पुष्कळदा झणझणीतपणाची मर्यादाही ओलांडीत. पलीकडच्या मेळ्यांतूनही त्याला तशीच उत्तरे येत. पेठापेठांतून वाद माजले. आपल्या जुन्या घरांतून त्या दिवसांच्या आठवणी अजून दोन्ही बाजूंनी सांगितल्या जातात. त्यांत कोणाची बाजू किती खरी, ह्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे.

मेळ्याने आवाज मिळाला, परंतु सत्ता होती नगरपालिकेत. त्या काळी मताचा हक्क सरसकट नव्हता. मालमत्ता असणाऱ्या आणि कर भरणाऱ्यांपुरताच तो असे. भट्टीवर राबणाऱ्या तांबटाला मत नसे. ज्यांच्यासाठी भांडायचे त्यांतील बहुतेकांना मत नाही, अशा निवडणुकीत तरुणांनी उतरायचे होते. तरीही ब्राह्मणेतर पक्षाच्या ह्या तरुण मंडळींनी आपली माणसे नगरपालिकेत धाडण्याचा उद्योग आरंभिला आणि केशवराव सभासद झाले.

आता खरी गोष्ट येते. माझ्या शॉपमधील मुलांना जे ठाऊक नव्हते, ते केशवरावांना पक्के ठाऊक होते. आत जाऊन काय मागायचे हे त्यांनी ठरविले होते. १९२५ साली त्यांनी महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा पुण्यात उभारावा असा ठराव नगरपालिकेपुढे आणला. जोतीराव स्वतः एके काळी त्याच नगरपालिकेचे सभासद होते. मुलींची शाळा त्यांनी त्याच शहरात १८४८ साली काढली होती. मागणी काही आकाशातील चांदण्याची नव्हती. परंतु सभागृहाने ती फेटाळली.

ठराव पडल्याचा डंख मोठा होता. त्याच साली जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक बाहेर पडले. प्रकाशक केशवराव. पुस्तकात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांच्यावर अतिशय जहाल टीका होती. खटला भरला गेला आणि खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. १९२६ साली अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या मंडळींची बाजू मांडली आणि ती सारी निर्दोष सुटली. डॉक्टरांच्या वकिलीच्या आरंभीच्या दिवसांतील हा एक गाजलेला खटला.

न्यायालयाने सोडले म्हणून पुस्तकाची भाषा योग्य ठरली, असे मला म्हणावयाचे नाही. ठराव पडल्यावर रागाने लेखणी उचलणे स्वाभाविक होते. पण त्या रागाने पुतळा एक वीतही पुढे सरकला नाही, उलट नाही म्हणणारे अधिकच ताठर झाले. केशवरावांचा मोठेपणा मला दिसतो तो पुढच्या तीस वर्षांत.

१९३० च्या सुमारास केशवराव काँग्रेसकडे वळले. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. काल ज्यांच्यावर मेळ्यातून पदे रचली त्यांच्याशेजारी ते आज कोठडीत बसले. काकासाहेब गाडगिळांशी त्यांची जोडी जमली. एक ब्राह्मण, एक मराठा. दोघे पुण्याच्या राजकारणात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शहरापुरती मानली जाणारी काँग्रेस मावळात, खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याच्या ओसरीवर नेऊन बसविण्यात केशवरावांचा वाटा फार मोठा. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. जवळकर मात्र हे सारे पाहावयास राहिले नाहीत. १९३२ साली ते ऐन तारुण्यात वारले.

केशवरावांनी फुल्यांची मागणी सोडून दिली असे कोणी समजू नये. मागण्याची रीत तेवढी त्यांनी बदलली. आणि गंमत पाहा, पुण्याच्या ज्या मंडईत १९२४ साली लोकमान्यांचा पुतळा बसला, त्याच मंडईला पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आज पुणेकर गृहिणी फुले मंडईत भाजी घेते आणि टिळकांच्या पुतळ्याला वळसा घालून घरी जाते. १९२५ साली ज्या दोन नावांवरून डोकी फुटण्याची वेळ आली होती, ती एका छपराखाली सुखाने नांदत आहेत.

केशवरावांचे राजकारण सरळ रेषेत गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास शंकरराव मोऱ्यांबरोबर त्यांनी शेतकरी कामकरी पक्ष उभारला, १९५४ साली ते काँग्रेसमध्ये परतले, आणि पुन्हा बाहेर आले. त्यांना धरसोडीचा दोष देणारे तेव्हाही होते. परंतु एक धागा मधूनच तुटलेला दिसत नाही, आणि तो आम्हां बेळगावकरांच्या काळजातून जातो.

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि तो पुढे नेण्यासाठी जी समिती नेमली तीत माडखोलकर, दत्तो वामन पोतदार, शंकरराव देव ह्यांच्याबरोबर केशवराव जेध्यांचे नाव होते. दोन वर्षांनी, १९४८ साली, बेळगावच्या नगरपालिकेनेही आपले शहर संयुक्त महाराष्ट्रात घालावे असा ठराव केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा चंदगड मुंबई राज्यात आले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. नगरपालिकेचा ठराव कागदावर राहिला.

त्याआधी, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव. सभा भरली होती ती टिळक स्मारक मंदिरात. ‘देशाचे दुश्मन’चा प्रकाशक तीस वर्षांनी लोकमान्यांच्या स्मारकात अध्यक्षस्थानी बसला आहे, समोर समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामकरी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, सगळ्या जातींचे लोक आहेत, आणि कोणालाही त्यात विपरीत वाटत नाही! मला ह्या प्रसंगाचे चित्र कोणी काढून दिले तर मी ते शॉपमध्ये लावीन. १९५७ च्या निवडणुकीत केशवराव बारामतीतून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या भागांतून समितीचे उमेदवार म्हैसूरच्या विधानसभेत निवडून आले.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवराव निवर्तले. महाराष्ट्र राज्य व्हावयास सहा महिनेही उरले नव्हते. पुण्यात स्वारगेटच्या चौकाला त्यांचे नाव आहे, कोल्हापुराहून एस. टी. ने जाणारा प्रत्येक माणूस तेथे उतरतो.

ही गोष्ट ऐकून मुलांपैकी एकाने विचारले, की आमच्या ठरावांचे तरी काय झाले? प्रश्न बरोबर होता. २००५ साली बेळगाव महापालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात घालण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे डोळे लावून इथे एक पिढी म्हातारी झाली. मी त्याला खोटा धीर दिला नाही. मला एवढेच सांगता आले, की फुल्यांचा ठराव ज्या सभागृहाने फेटाळला त्याच सभागृहाने पुढे मंडईला त्यांचे नाव दिले. मधल्या काळात फेटाळणाऱ्यांच्या घरी जाऊन बसणारी माणसे लागली. उमेदवाराला नुसता पाठिंबा देऊन मंडळाचे काम संपत नाही. त्याच्या हाती कोणता कागद देऊन आत पाठवायचे, आणि तो कागद परत आला तर दुसऱ्या दिवशी कोणाचे दार ठोठवायचे, हे ठरविणे मंडळाचेच काम आहे.

त्यांतला एक मुलगा माझ्याच लेथवर काम करतो. हल्ली रविवारी सकाळी तो आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे पालिकेचे अर्ज भरून देतो. कागद कानडीत असतात, म्हणून शेजारच्या कानडी दोस्ताला तो बरोबर घेऊन बसतो. म्हाताऱ्यांना मराठीतून कागद मिळावा असा एक अर्ज त्याने तयार केला आहे, आणि त्यावर त्या दोस्ताचीही सही आहे. अर्ज अजून मंजूर झालेला नाही.