पोलादाचा ठिसूळपणा मोजणारे शार्पी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘चार्पी टेस्ट’ परिचयाची असते. उंचावरून सुटलेला जड लंबक खाच पाडलेली पोलादी कांडी मोडून पलीकडे जातो आणि तबकडीवरचा काटा एक आकडा दाखवितो. ही चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या फ्रेंच धातुशास्त्रज्ञाच्या नावाचा मूळ उच्चार शार्पी. वीज देणारी अणुभट्टी त्यांनी कधी पाहिली नाही. तरीही तारापूरच्या अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेशी त्यांचे नाव जोडले गेले आहे.

जॉर्ज शार्पी यांचा जन्म १ सप्टेंबर १८६५ रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळ झाला. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामवंत संस्थेत शिक्षण घेतल्यावर त्यांनी नौदलाच्या प्रयोगशाळेत मिश्रधातूंवर संशोधन केले. पुढे ते मोंल्यूसोंच्या पोलाद कारखान्यात दाखल झाले. पुस्तकी विद्या आणि भट्टीजवळचा अनुभव यांचा मेळ त्यांच्या कामात कायम राहिला.

त्या काळी पोलाद हळूहळू ताणून त्याची ताकद ठरवीत. या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पोलादही अचानक बसलेल्या धक्क्याने काचेसारखे तडकत असे. लंबकाने धातू तोडण्याची कल्पना अमेरिकेत त्याआधीच मांडली गेली होती. शार्पी यांनी १९०१ मध्ये तिला काटेकोर पद्धतीचे रूप दिले. कांडीचे माप, खाच आणि यंत्र ठरलेले असेल, तरच एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला उपयोगी पडेल, हा त्यांचा आग्रह होता. कांडी मोडल्यावर लंबक जितका कमी वर चढेल, तितकी अधिक ऊर्जा पोलादाने शोषली, असा त्याचा साधा हिशेब.

या पद्धतीचे मोल दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे दिसले. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेच्या पोर्टलंड बंदरात ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. थंडीत पोलाद ठिसूळ होते, ही बाब अशा दुर्घटनांच्या तपासातून अधोरेखित झाली. ठिसूळपणा नेमका कोणत्या तापमानाला येतो, हे शोधण्यासाठी शार्पी चाचणीच कामी आली. २५ नोव्हेंबर १९४५ रोजी शार्पी यांचे निधन झाले, तेव्हा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून जेमतेम तीन-साडेतीन महिने झाले होते.

अणुवीज आली तसा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. अणुभट्टीच्या पात्रावर वेगवान न्यूट्रॉनचा मारा वर्षानुवर्षे होतो. पोलादातील अणू जागचे हलतात, तांब्यासारख्या अशुद्धींचे सूक्ष्म पुंजके तयार होतात आणि ठिसूळपणाची सीमा वरच्या तापमानाकडे सरकते. पूर्वी कडाक्याच्या थंडीत तडकणारे पोलाद मग त्याहून उबदार असतानाही तडकू शकते. संकटकाळी तापलेल्या पात्रात थंड पाणी सोडावे लागले, तर ही सीमा किती सरकली आहे, यावर सारे अवलंबून राहते.

भारतातील बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या असून त्यांत असे जाड दाबपात्र नसते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये मात्र ते आहे. १९६९ मध्ये या भट्ट्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. चालू भट्टीच्या पात्राचा तुकडा कापून तपासता येत नाही. म्हणून त्याच पोलादाच्या कांड्या पात्राच्या आत ठेवल्या जातात, ठरावीक काळाने बाहेर काढल्या जातात आणि लंबकाखाली मोडल्या जातात. कांडी अवघी ५५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद व तितकीच जाड असते. पण ती किरणोत्सारी झालेली असल्याने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जाड भिंतींआड, यांत्रिक हातांनीच हे काम करावे लागते. कांड्या गाभ्याच्या अधिक जवळ ठेवल्या, तर पात्राची पुढील काही वर्षांची स्थितीही आधीच कळते.

जुनी भट्टी आणखी किती वर्षे चालवावी, हा प्रश्न केवळ विजेच्या गरजेवर सोडविता येत नाही. मोडलेल्या कांडीचा आकडा त्या निर्णयाला आधार देतो. पोलादावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते तोडून पाहावे, हा शार्पी यांचा धडा शतकानंतरही तितकाच खरा आहे.