वर्ध्याच्या गावांना दीड हजार वर्षांचा पत्ता देणारे मिराशी

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्रामची बापूकुटी, पवनारचा विनोबांचा आश्रम, हिंगणघाटचा कापूस आणि आष्टीचा १९४२ चा लढा चटकन आठवतो. जिल्ह्याची ओळख विसाव्या शतकापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. परंतु याच मातीत पंधराशे वर्षांपूर्वी एक संपन्न राज्य नांदत होते. त्या राज्याच्या कागदपत्रांत येथील नद्या आणि गावे नावानिशी नोंदलेली होती आणि त्यांपैकी काही नावे आजही थोड्या बदललेल्या रूपात लोकांच्या तोंडी आहेत. ही गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध करण्याचे श्रेय प्रामुख्याने महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्याकडे जाते. कालिदासाचे अभ्यासक म्हणून ते सुशिक्षित मराठी वाचकांना परिचित आहेत. विदर्भातील एकेका गावाचा प्राचीन पत्ता शोधून काढणारे संशोधक म्हणून मात्र त्यांची आठवण फारशी काढली जात नाही.

मिराशी मूळचे विदर्भातले नव्हेत. १३ मार्च १८९३ रोजी तेव्हाच्या रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुवळे या गावी त्यांचा जन्म झाला. कोल्हापूर आणि पुणे येथे शिक्षण पूर्ण करून १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि पुढे नागपूर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९४२ मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यानंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती या विषयाचे मानद प्राध्यापक म्हणूनही त्यांनी काम केले. वर्गात काव्य-नाटके शिकवणारा हा अध्यापक हळूहळू ताम्रपट आणि शिलालेखांकडे वळला आणि उरलेले आयुष्य त्याने या कामाला वाहिले.

त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील कोरीव लेखांची नोंद अगदीच झालेली नव्हती, असे नाही. रायबहादूर हिरालाल यांनी जिल्हावार केलेली वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ मधील ताम्रपट रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विद्वानांसमोर आणला होता. कोठे काय आहे, हे अशा सूचीवरून समजत होते. परंतु त्या लेखांतून या प्रदेशाचा सलग इतिहास उभा राहत नव्हता. विशेषतः वाकाटकांविषयीची माहिती फार तुटपुंजी होती. तिसऱ्या ते पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करणारे, गुप्त सम्राटांशी सोयरीक असणारे आणि अजिंठ्याच्या काही लेण्यांना ज्यांच्या काळात आश्रय मिळाला असे हे घराणे विद्वानांच्या चर्चेत होते. त्यांच्या राज्याचा भूगोल मात्र धूसर होता.

वाकाटकांचे ताम्रपट हे मुळात जमिनीचे दानपत्र असते. अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोनी पेट्या असलेल्या लिपीत, संस्कृत गद्यात तो कोरलेला असतो आणि त्याचे पत्रे कडीत ओवून त्यांवर राजमुद्रा लावलेली असते. आरंभी राजाच्या पूर्वजांची स्तुती येते. मग दान कोठून दिले, कोणाला दिले, कोणते गाव दिले, ते कोणत्या विभागात मोडते आणि त्याच्या चारही बाजूंना काय आहे, हे सांगितलेले असते. शेवटी राज्यवर्ष आणि सेनापतीचे नाव येते. त्या काळच्या बहुतेक संशोधकांना पहिल्या भागाचे, म्हणजे वंशावळीचे आकर्षण अधिक होते. मिराशींनी वंशावळीइतकेच लक्ष उत्तरार्धाकडे दिले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी ताम्रपट सातबाऱ्यासारखा वाचला.

वर्धा जिल्ह्यात या पद्धतीला उत्तम फळ आले. हिंगणघाटच्या उत्तरेस सुमारे सात मैलांवरील जांब येथे १९४० मध्ये वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट उजेडात आला. राजाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, नंदिवर्धन या राजधानीतून दिलेले हे दान कोथुरक नावाच्या गावाचे होते. चतुःसीमा सांगताना उमा नदी, चिंचपल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम अशी नावे आली होती. मिराशींनी ती तालुक्याच्या नकाशाशी ताडून पाहिली. उमा म्हणजे आजची वणा नदी, मंडुकिग्राम म्हणजे तिच्या काठचे मांडगाव, चिंचपल्ली म्हणजे चिचोली आणि बोंथिकवाटक म्हणजे बोथड, असा मेळ त्यांनी घातला. गंमत अशी की, ज्या गावासाठी एवढा ताम्रपट कोरला गेला ते कोथुरक त्या नावाने उरले नाही. त्याचे शेजारी मात्र उरले. शेजाऱ्यांच्या आधाराने हरवलेल्या गावाची जागा त्यांनी निश्चित केली.

तेव्हाच्या आर्वी तालुक्यातील बेलोरा येथे सापडलेल्या ताम्रपटांनीही अशीच साथ दिली. प्रवरसेनाच्या अकराव्या राज्यवर्षातील या लेखांत असि नावाच्या स्थळाचा उल्लेख आहे. मिराशींनी ते आजचे आष्टी असल्याचे प्रतिपादन केले. एका नावावरून निष्कर्ष काढला तर तो योगायोग ठरू शकतो, याची त्यांना जाणीव होती. म्हणून शब्दाचे रूप कसे बदलले असेल, ठिकाण नदीच्या कोणत्या अंगाला आहे आणि लगतची इतर नावे जुळतात का, अशा निरनिराळ्या कसोट्या ते लावत. संस्कृत आणि प्राकृत या दोन्ही भाषांवरील प्रभुत्व त्यांना येथे उपयोगी पडले. मूळ संस्कृत नाव लोकांच्या तोंडी झिजून कोणते रूप घेईल, याचा अंदाज केवळ नकाशा पाहणाऱ्याला करता आला नसता.

वाशीमच्या ताम्रपटाने तर वाकाटकांचा इतिहासच बदलला. १९३९ मध्ये उजेडात आलेला हा लेख विंध्यशक्ती या राजाच्या सदतिसाव्या वर्षातला होता आणि त्यावरून वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राज्य करणारी वाकाटकांची स्वतंत्र शाखा प्रकाशात आली. मिराशींनी त्याचे संपादन केले. मग ते अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखाकडे पुन्हा वळले. पूर्वी वाचल्या गेलेल्या त्या झिजलेल्या लेखात या शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे नाव निसटले होते. ते त्यांनी तेथे दाखवून दिले. वाशीमच्या तांब्याने अजिंठ्याच्या दगडाचा अर्थ उलगडला. १९४१ मध्ये सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली.

मिराशींच्या वर्धा जिल्ह्याशी आलेल्या संबंधातला सर्वांत गाजलेला विषय पवनारचा. जांब आणि बेलोरा येथील ताम्रपट नंदिवर्धनातून दिलेले होते. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेला अठराव्या वर्षाचा ताम्रपट मात्र प्रवरपुरातून दिलेला होता. याचा अर्थ, मधल्या काळात प्रवरसेनाने आपल्या नावाने नवी राजधानी वसवली होती. नंदिवर्धन रामटेकजवळ होते, याविषयी फारसा वाद नव्हता. प्रवरपूर कोठे होते, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

मिराशींचे उत्तर होते, धाम नदीच्या काठचे पवनार. गावातील नांदता इतिहास लोककथेतल्या पवन राजाचा होता. या राजाजवळ परीस होता, शेतकरी साऱ्याऐवजी लोखंडी फाळ आणून देत आणि तो त्यांचे सोने करी, अशी कथा ब्रिटिशकालीन गॅझेटियरकारांनीही नोंदवून ठेवली होती. मिराशींना राजधानीचे धागे दुसरीकडे दिसले. गावाचे नाव, त्याचे प्राचीनत्व आणि तेथे मिळालेली शिल्पे यांची त्यांनी सांगड घातली. १९३८ मध्ये विनोबा पवनारला राहायला आल्यानंतर आश्रमाच्या जमिनीत खणताना प्राचीन मूर्ती सापडल्या होत्या. त्यांपैकी एकीत विनोबांना राम-भरत भेट दिसली आणि आश्रमात तिची श्रद्धेने स्थापना झाली. मिराशींनी ही शिल्पे वाकाटककालीन ठरवली आणि त्यांत रामायणातील प्रसंग ओळखले. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या होती आणि रामगिरीवरील देवतेवर तिची निष्ठा होती. खुद्द प्रवरसेनाच्या नावावर सेतुबंध हे रामकथेवरील प्राकृत काव्य आहे. तेव्हा या राजाने आपल्या नव्या राजधानीत रामाचे मंदिर उभारले असावे, असा त्यांचा तर्क होता.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी त्याचा अहवाल पुढील वर्षी प्रसिद्ध केला. येथील वस्ती इसवी सनापूर्वीपासूनची असून ती वाकाटक काळातही नांदत होती, हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि राजधानीचे नाव निःसंदिग्धपणे सांगणारा लेख हाती आला नाही. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळील मनसर येथे उत्खनन सुरू झाले आणि प्रवरेश्वर हे नाव असलेल्या मुद्रांचे ठसे मिळाले. त्यामुळे प्रवरपूर मनसरलाच होते, असे काही अभ्यासक मानू लागले. पवनारच्या शिल्पांतील काही प्रसंगांचा अर्थही वेगळा लावला गेला. हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

मग मिराशींच्या कामाचे मोल कमी झाले काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकालाही वादाला आरंभ करण्यासाठी त्यांचाच ग्रंथ उघडावा लागतो. वाकाटकांचे तोवर ज्ञात असलेले कोरीव लेख एकत्र करून त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ मध्ये भारतीय कोरीव लेखांच्या सरकारी ग्रंथमालेत पाचवा म्हणून प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९५५ मध्ये कलचुरी-चेदी लेखांचा चौथा आणि नंतर १९७७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, शिलाहारांचा सहावा खंड त्यांनी सिद्ध केला. प्रत्येक लेखाचे मूळ पाठ, भाषांतर, ठशांची छायाचित्रे आणि स्थळांची चर्चा त्यांत आहे. वाचकाला त्यांचा निष्कर्ष अमान्य करायचा असेल तर त्यासाठी लागणारा पुरावाही तेथेच मिळतो. विद्वत्तेचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

इंग्रजीत लिहिलेले संशोधन त्यांनी मराठी वाचकांपासून दूर ठेवले नाही, हेही महत्त्वाचे. कालिदास हा ग्रंथ, वाकाटक नृपती आणि त्यांचा काल हे पुस्तक, संशोधन मुक्तावलीचे भाग आणि मेघदूतातील रामगिरी म्हणजेच रामटेक हे त्यांचे विवेचन यांतून विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची गोडी सामान्य वाचकांना लागली. १९७५ मध्ये पद्मभूषण देऊन केंद्र सरकारने त्यांचा गौरव केला. ३ एप्रिल १९८५ रोजी नागपूर येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ताम्रपट बहुधा विद्वानाच्या हातून सापडत नाही. शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा जुन्या घराचा पाया काढताना तो वर येतो आणि सापडणाऱ्याच्या लेखी ते प्रथम तांबेच असते. मोडीच्या दुकानात गेलेल्या पत्र्याबरोबर एखाद्या गावाचे सर्वांत जुने नाव कायमचे वितळते. जांब आणि बेलोऱ्याचे पत्रे त्या वाटेने गेले नाहीत, ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचले, म्हणून मांडगाव आणि आष्टी या गावांना दीड हजार वर्षांपूर्वीचा लेखी उल्लेख मिळाला. वर्धा जिल्ह्यात वस्त्या वाढत आहेत, रस्ते रुंदावत आहेत आणि जुनी पांढरीची टेकाडे सपाट होत आहेत. पुढचा ताम्रपट कोणाच्या फाळाला लागेल, हे सांगता येत नाही. तो योग्य हाती पोहोचला तर प्रवरपुराचा वादही कदाचित मिटेल. मग निकाल मिराशींच्या बाजूने लागो वा विरुद्ध.