पंपाचा दांडा आणि एक पाळक



साथीच्या रोगांचे शास्त्र आज विद्यापीठांतून पदव्युत्तर विषय म्हणून शिकविले जाते. त्याचे एक जनक डॉ. जॉन स्नो यांची ओळख आपण करून घेऊ या.

१८१३ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिले. कोळशाच्या खाणीतील कामगार पटकीने मरताना त्यांनी तेथेच पाहिले. पुढे १८४४ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली.

पटकी दूषित हवेतून पसरते, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. हा रोग पोटाचा आहे, तेव्हा त्याचे विष पाण्यावाटेच पोटात जात असले पाहिजे, हा स्नो यांचा तर्क. १८४९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. पण फार थोड्यांना तो पटला.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा उद्रेक झाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. मृतांच्या घरी पाणी कोठून येत असे, याची चौकशी स्नो यांनी केली. बहुतेक उत्तरे ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाकडे बोट दाखवीत होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, हेही स्नो यांनी प्रामाणिकपणे नमूद केले.

तेथील सेंट ल्यूक चर्चचे तरुण सहायक पाळक हेन्री व्हाइटहेड यांना हे मत मान्य नव्हते. ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी स्वतः शोध आरंभला. मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या या पाळकाला घरे ओळखीची होती. लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. ते पुन्हा पुन्हा त्याच उंबरठ्यांवर गेले. जो जो माहिती जमली, तो तो त्यांचेच मत ढासळत गेले. अखेर पंपाजवळच्या घरातील एका तान्ह्या मुलीच्या मृत्यूची नोंद त्यांच्या दृष्टीस पडली. साथ उसळण्यापूर्वीच ती आजारी पडली होती. तिचे लंगोट धुतलेले पाणी ज्या मैलाखड्ड्यात जाई, तो विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता आणि झिरपत होता. विरोध करण्यास निघालेला मनुष्य स्नो यांचा सर्वांत भक्कम साक्षीदार ठरला.

स्नो १८५८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखविले. ते पाहण्यास स्नो उरले नव्हते.

वाचकहो, आपणही शेजाऱ्याच्या दुःखाविषयी मते बाळगतो. ती चुकीची ठरली तर ठरोत, या तयारीने आपण त्याच्या दारी जातो काय?